गोड पाणी, जड पाणी आणि शुद्ध पाणी : मुंबईच्या घरगुती नळाचा इतिहास

प्रास्ताविक

मराठीत पाण्याला लावली जाणारी विशेषणे मोठी बोलकी आहेत. पाणी गोड असते, मचूळ असते, खारे असते, जड असते, हलके असते. ज्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजते ते पाणी हलके आणि ज्यात ती तासभर चुलीवर राहूनही टणक राहते ते जड, ही आपल्याकडील स्त्रियांची पारख रसायनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून जुनी आहे. शालेय विज्ञानाने याच गुणाला 'सुफेन' व 'दुष्फेन' अशी नावे दिली. ज्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन आणि ज्यात होत नाही ते दुष्फेन. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्यात अधिक असले की साबण त्यांच्याशी संयोग पावून साका धरतो, डाळीच्या पेशींना बांधून ठेवणारे द्रव्य कॅल्शियममुळे अधिक घट्ट होते आणि बंबाच्या आतल्या बाजूस पांढरा थर बसतो. मात्र या विशेषणांपैकी एकही विशेषण पाणी पिण्यास सुरक्षित आहे की नाही, याविषयी काही सांगत नाही. पटकीचा जंतू गोड पाण्यात सुखाने राहतो आणि जड पाणी पिऊन पिढ्यान्‌पिढ्या निरोगी राहिलेली गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

प्रस्तुत लेखात मुंबई शहराच्या घरगुती पाण्याचा विचार या दोन गुणांच्या अंगाने केला आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सामान्यतः धरणांचा आणि अभियंत्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नागरिकाने पाण्याची पारख कशावरून केली आणि नगरपालिकेने ती कशावरून केली, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, चव आणि सुरक्षितता यांची गल्लत हा या इतिहासातील एक दीर्घ धागा असून तो आजही तुटलेला नाही.

विहारपूर्व मुंबई : विहिरी आणि तळी

मुंबई हे समुद्राने वेढलेले आणि बऱ्याच अंशी भरावाने जोडलेले बेट. अशा भूमीत विहीर खणली तर गोडे पाणी लागेलच याची शाश्वती नसते. पावसाचे झिरपलेले पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. उन्हाळ्यात मचूळ होणाऱ्या विहिरी हा त्याचाच परिणाम. म्हणूनच चर्चगेटजवळची १७२५ साली बांधलेली भिखा बेहराम यांची विहीर, समुद्र इतका जवळ असूनही गोड्या पाण्याची राहिली, याचे पारशी समाजाला आश्चर्य वाटले आणि ती श्रद्धेचा विषय झाली, यात नवल नाही.

विहिरींच्या जोडीला तळी होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, दोन टाकी ही नावे आज केवळ बसथांब्यांची आणि रस्त्यांची उरली आहेत. तळी केव्हाच बुजली. त्यांतील बरीचशी तळी व्यापारी शेटजींच्या दानधर्मातून बांधली वा दुरुस्त केली गेली होती. धोबी तलावाला फ्रामजी कावसजी यांचे नाव मिळाले ते अशाच दानामुळे. पाणी पुरवणे हे पुण्यकर्म होते आणि ज्याला आपण आज नागरी सेवा म्हणतो ती तेव्हा बहुतांशी धर्मादाय होती. घरोघरी पाणी पोहोचवणारा भिस्ती आणि त्याची पखाल हीच त्या काळची जलवाहिनी. अर्थात या पुण्यकर्माला जातीच्या मर्यादा होत्या. कोणत्या पाणवठ्यावर कोणी जायचे हे ठरलेले असे. १८६८ मध्ये पुण्यात महात्मा फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला. या दोन घटनांमधील पंचावन्न वर्षांचे अंतर पाहिले म्हणजे पाण्याच्या 'शुद्धते'ला आपल्या समाजात रसायनशास्त्राशी संबंध नसलेला आणखी एक अर्थ होता, हे ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेटाची लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे गेली होती. १८४५ चा दुष्काळ आणि पुढे १८५० च्या दशकातील टंचाई यांनी विहिरी-तळ्यांची मर्यादा उघड केली. शौचकूप आणि विहीर एकाच आवारात असणे ही त्या काळच्या दाट वस्तीतील सर्वसामान्य गोष्ट होती. अशा विहिरीचे पाणी चवीला उत्तम असू शकते. किंबहुना मैला कुजून तयार होणारे नायट्रेटसारखे क्षार चवीवरून ओळखू येत नाहीत. लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी ज्या ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाकडे बोट दाखवले, त्याचे पाणीही आसपासच्या रहिवाशांना आवडत असे. मुंबईत मात्र त्या वेळी चर्चा होती ती मुख्यतः पाण्याच्या परिमाणाची. गुणाची चर्चा पुढे आली ती नंतर.

विहारचे पाणी

हेन्री कोनिबेअर यांच्या योजनेनुसार साष्टी बेटावर, मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यात बांध घालून विहार तलाव करण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये त्याचे पाणी लोखंडी नळांतून शहरात आले. भारतातील नळाद्वारे होणाऱ्या नागरी पाणीपुरवठ्याची ही सुरुवात मानली जाते. गोविंद नारायण माडगांवकर यांच्या १८६३ मधील 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात तळ्या-विहिरींबरोबर विहारच्या नव्या पाण्याचीही नोंद आहे. शहराच्या इतिहासात हा बदल किती ताजा आणि किती मोठा वाटत होता, याची त्यावरून कल्पना येते.

रासायनिक दृष्टीने पाहता विहारचे पाणी विहिरीच्या पाण्याहून अगदी निराळ्या जातीचे होते. साष्टीच्या डोंगरांवर चार महिन्यांत प्रचंड पाऊस पडतो आणि ते पाणी बेसाल्टच्या कातळावरून वेगाने वाहून तलावात येते. खडकाशी त्याचा संपर्क अल्पकाळचा, त्यामुळे क्षार विरघळायला अवधीच मिळत नाही. याउलट विहिरीचे पाणी महिनोन्‌महिने जमिनीत मुरलेले असते. त्या काळी जडपणा मोजण्याची रीत साबणाचीच होती. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी १८४० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत, ठरावीक पाण्यात टिकाऊ फेस येण्यास साबणाचे किती द्रावण लागते त्यावरून 'अंश' ठरवीत. एक अंश म्हणजे एका गॅलनमध्ये एक ग्रेन खडू, आजच्या हिशेबाने लिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅम. विलायतेत जड पाण्याने साबणाचा किती खर्च वाढतो याचे हिशेब पार्लमेंटरी चौकशांत मांडले जात. ही दृष्टी अभियंत्यांबरोबर इकडे आली.

सुफेन पाण्याचे महत्त्व केवळ धुण्याभांड्यापुरते नव्हते. १८५० च्या दशकातच मुंबईत कापड गिरण्या आणि आगगाडी दोन्ही आल्या. जड पाणी बाष्पकात उकळले की क्षारांचा थर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, कोळसा अधिक जळतो आणि प्रसंगी बाष्पक फुटण्याची भीती असते. रंगकामालाही जड पाणी प्रतिकूल. औद्योगिक मुंबईला हलके पाणी मिळणे ही एक आर्थिक सोय होती. धरणांच्या गौरवकथांत तिचा उल्लेख क्वचितच येतो.

परंतु हलके पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. विहारचे पाणी प्रारंभी गाळून दिले जात नव्हते. उघडा तलाव, त्यात येणारी वनस्पती आणि पावसाळ्यातला गढूळपणा या तक्रारी नैसर्गिकच होत्या. त्याहून गंभीर गोष्ट अशी की नळ आधी आला आणि सांडपाण्याची व्यवस्था मागाहून. पूर्वी माणसे घागरीने मोजून पाणी वापरीत. नळाने पाणी मुबलक केले, पण वापरलेले पाणी बाहेर नेणारी गटारे नव्हती. ते वस्तीतच मुरू लागले. मरियम दोसल यांनी १९९१ मधील आपल्या ग्रंथात वसाहतकालीन मुंबईच्या नियोजनातील ही विसंगती सविस्तर दाखवली आहे. १८६४ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. कापसाच्या तेजीने आलेली ही गर्दी ओल्या, न निथळणाऱ्या चाळींत राहत होती. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले आणि आरोग्याधिकाऱ्याचे पदही निर्माण झाले, तेव्हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न पाणी आणण्याइतकाच ते बाहेर घालवण्याचा होता.

पुढील टप्पे थोडक्यात असे : १८७९ मध्ये तुळशी तलाव, १८९० च्या सुमारास पवई, १८९२ मध्ये तानसा. यांपैकी पवईची हकिगत बोधप्रद आहे. त्याचे पाणी पिण्यास योग्य प्रतीचे नसल्याचे लवकरच दिसून आले आणि आज ते पिण्याव्यतिरिक्त कामांसाठीच वापरले जाते. शहराने तलाव बांधून तो पिण्याच्या यादीतून काढावा, ही घटना गुणवत्तेचा निकष प्रशासनात रुजल्याची खूण मानता येईल. याच काळात मलबार टेकडी व भंडारवाडा येथे जलाशय आणि वाळूच्या गाळण्या आल्या. १८८४ पर्यंत रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू इजिप्त व कलकत्ता येथे ओळखला होता. वाळूची गाळणी आता केवळ गाळ अडवणारी राहिली नाही, ती जंतू अडवणारी ठरली.

विहिरींचा खटला

नळाचे पाणी आले तरी विहिरी ओस पडल्या नाहीत. अनेक घरांत नळ आणि विहीर दोन्ही होती. पूजेला, सोवळ्याला, विधींना विहिरीचे पाणी आणि इतर कामांना नळाचे, अशी वाटणी होती. नगरपालिकेने विहिरींविरुद्ध मोहीम उघडली ती विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर, आणि तिचे कारण विहिरीच्या पाण्याचा जडपणा नव्हता किंवा त्यातील मैलाही नव्हता. ते कारण होते डास.

डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांची चौकशी करून १९११ मध्ये अहवाल दिला. अ‍ॅनोफेलिस स्टीफेन्सी या जातीचा डास शहरातील विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असे त्यातून पुढे आले. उपाय उघड होता : विहिरी बुजवाव्यात किंवा डास आत-बाहेर जाणार नाही अशा तऱ्हेने झाकाव्यात. येथे प्रशासनाची गाठ श्रद्धेशी पडली. पारशी व हिंदू कुटुंबांनी आक्षेप घेतले. विधीसाठी सूर्यप्रकाश लागलेले, उघड्या विहिरीचे पाणी हवे, विहिरीत पवित्र शक्तीचा वास आहे, ती बुजवणे अशुभ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी अनेक ठिकाणी बारीक तारेची जाळी बसवलेले झाकण आणि पोहरा सोडण्यापुरती फट अशी तडजोड झाली. आजही दक्षिण मुंबईत अशी झाकलेली विहीर एखाद्या जुन्या आवारात दिसते.

या वादाने एक सुंदर ग्रंथ मात्र दिला. नगरपालिकेत त्या वेळी सचिव असलेले आणि पुढे म्युनिसिपल कमिशनर झालेले रुस्तम पेस्तनजी मसाणी यांनी लोकांच्या हरकतींतून समोर आलेल्या विहिरींविषयीच्या समजुती गोळा करून, पूर्व-पश्चिमेतील जलपूजेशी त्यांची तुलना करणारे पुस्तक १९१८ मध्ये प्रसिद्ध केले. विहिरी बंद करणाऱ्या यंत्रणेतील अधिकाऱ्यानेच विहिरींची लोककथा जपून ठेवावी, असा योग प्रशासनाच्या इतिहासात विरळाच. गॉर्डन कोव्हेल यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या हिवतापावर पुन्हा अहवाल दिला, यावरून हा प्रश्न एका मोहिमेत सुटलेला नव्हता हेही कळते.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. विहीर बंद करताना कुटुंबाच्या हातातून गेली ती केवळ श्रद्धेची वस्तू नव्हती. स्वतःच्या मालकीचा, स्वतः पारखता येणारा स्रोत गेला. विहिरीचे पाणी चाखून, डाळ शिजवून, साबण लावून घरची बाई त्याचे मूल्य ठरवू शकत होती. नळाच्या पाण्याची सुरक्षितता तिला जिभेने ठरवता येत नाही. ती प्रयोगशाळेतच ठरते. विश्वासाचा विषय विहिरीवरून नगरपालिकेकडे सरकला आणि तो टिकवण्याची जबाबदारीही.

तानसा ते भांडुप

तानसा धरणाचे उद्‌घाटन १८९२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या हस्ते झाले. त्यानंतर शहर पाण्यासाठी अधिकाधिक दूर जात राहिले : १९५० च्या दशकात वैतरणेवरील धरण, ज्याला पुढे नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्यावरून मोडकसागर हे नाव मिळाले, १९७० च्या दशकात ऊर्ध्व वैतरणा, त्यानंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. यांतील बहुतेक पाणी सह्याद्रीच्या पावसाचे, म्हणून सुफेनच. हे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून येते तेथील अनेक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुंबईच्या हलक्या पाण्याची ही बाजू ठाणे जिल्ह्यात शिकवणाऱ्या अध्यापकाला वर्गातच भेटते, त्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही.

१९७० च्या दशकाअखेरीस भांडुप येथील प्रचंड जलशुद्धीकरण संकुल उभे राहिले. तुरटी घालून पाणी निवळणे, वाळूतून जलद गाळणे आणि क्लोरीनने निर्जंतुक करणे ही तेथील क्रिया आहे. या प्रक्रियेने पाण्याचा जडपणा कमी होत नाही आणि तशी गरजही नाही. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण दुष्फेनता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. विरघळलेल्या एकूण घन पदार्थांसाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. मुंबईच्या तलावांचे पाणी या मर्यादांच्या बरेच आत असते. मानकाचा सूर मात्र जंतूंबाबत बदलतो. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळताच कामा नये. जडपणाला सवलत आहे, जंतूला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याधारित मर्यादा ठरवलेली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने भारतीय मानक ब्युरोकरवी करवून घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा मुंबईतून घेतलेले दहाही नमुने मानकांत उतरले. दिल्लीचे नमुने अनुत्तीर्ण झाले. मुंबईकरांना या बातमीचा सार्थ अभिमान वाटला. तथापि दहा नमुने म्हणजे शहर नव्हे, आणि नळाचा इतिहास अभ्यासणाऱ्याने त्या अभिमानापाशी थांबू नये.

शेवटचे काही मीटर

मुंबईत बहुतेक भागांत पाणी चोवीस तास येत नाही, ठरावीक तासांतच येते. नळ भरलेला व दाबाखाली असतो तोवर गळती बाहेरच्या दिशेने होते. पुरवठा थांबला, दाब उतरला की त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत येते. मुख्य वाहिनीवर थेट पंप लावला तर हे शोषण आणखी वाढते. ज्या गल्लीत पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचे गटार शेजारी किंवा एकमेकांतून जातात, तेथे भांडुपला शुद्ध झालेले पाणी घरात पोहोचताना शुद्ध राहत नाही. कर्नाटकातील हुबळी-धारवाड येथे एमिली कुम्पेल व कारा नेल्सन यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांत अखंड पुरवठ्याच्या नळांहून मलजन्य जंतूंचे निदर्शक कितीतरी अधिक वेळा आढळले. दोन्हीकडे मूळ पाणी एकच होते.

हा धोका सर्वांना सारखा नाही. झोपडपट्टीतील जोडणीचा नळ अनेकदा गटाराच्या काठाने, जमिनीवरून लांबवर नेलेला असतो. १९९५ नंतरच्या वस्त्यांना अधिकृत जोडणी नाकारण्याच्या धोरणामुळे तेथील रहिवाशांना पाणी मिळवण्याचे मार्ग अनधिकृत ठरले. निखिल आनंद यांच्या २०१७ मधील 'हायड्रॉलिक सिटी' या ग्रंथात या जोडण्यांचे राजकारण आले आहे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, झोपडी बेकायदा असली तरी तेथील माणसाचा पाण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो, असा निर्णय दिला. 'सर्वांसाठी पाणी' हे महापालिकेचे धोरण त्यानंतर २०२२ मध्ये आले.

मध्यमवर्गीय घरात याच काळात भिंतीवर एक यंत्र आले. 'आरओ' या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र पाण्यातील क्षार काढते, म्हणजे जे पाणी मुळातच सुफेन आहे त्याला ते अधिक सुफेन करते आणि त्यासाठी बरेचसे पाणी सांडपाण्यात सोडते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ज्या पाण्यात विरघळलेले घन पदार्थ लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे अशा यंत्रांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले, त्यामागे हीच उधळपट्टी होती. विक्रेता पाण्यात एक छोटे उपकरण बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या गोड-मचूळ निवाड्याचेच हे विजेवर चालणारे रूप आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. जंतूंची शंका असेल तर उकळणे हा उपाय जुना, स्वस्त आणि निःसंशय परिणामकारक आहे.

मात्र एका ठिकाणी जड पाणी मुंबईच्या घरांत खरोखरच परत आले आहे. उंच इमारतींची गरज महापालिकेच्या पुरवठ्यातून भागत नाही, म्हणून कूपनलिका आणि टँकर यांवर त्या अवलंबून असतात. टँकरचे पाणी बरेचदा शहरातील विहिरींचेच असते, म्हणजे बेंटली यांच्या काळात ज्यांना झाकणे बसली त्यांच्याच कुळातले. एप्रिल २०२५ मध्ये भूजल उपशाच्या परवानगीवरून नोटिसा निघाल्या तेव्हा टँकरचालकांनी सेवा बंद केली आणि महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घ्यावा लागला. हे पाणी पिण्यासाठी नाही असे सर्वजण मानतात. पण तळघरातल्या टाक्या शेजारी-शेजारी असतात, पंप आणि झडपा इमारतीच्या रखवालदाराच्या हाती असतात, आणि नळातून येणारे पाणी कोणत्या टाकीचे आहे हे वरच्या मजल्यावरच्या गृहिणीला तेव्हाच कळते, जेव्हा साबणाचा फेस होत नाही.

महापालिकेचे कर्मचारी प्रभागाप्रभागांतून रोज पाण्याचे नमुने घेतात, ते दादरच्या प्रयोगशाळेत तपासले जातात आणि अयोग्य ठरलेल्या नमुन्यांचे प्रभागनिहाय प्रमाण पर्यावरण स्थिती अहवालात छापले जाते. इमारतीच्या आतील टाक्यांची स्वच्छता मात्र रहिवाशांकडे सोपवलेली आहे, आणि तिची अशी कोणतीही सारणी त्या अहवालात नसते.